रबाळ्याच्या कारखान्याची ४ मिनिटांची फिल्म, आणि एडिटिंग शिकणं अजून चालूच: सुरुवात कुठून करावी?

पारसिकचा_डोंगर
रबाळे एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपची कंपनी फिल्म एडिट करायची आहे. ४ मिनिटांची आडवी फिल्म आणि ३ उभे रील्स, १२ दिवसांत. कच्चा माल असा:
सोनी ए७ थ्री, ४के २५ फ्रेम, एस-लॉग३ (फिकट दिसणारं चित्र, रंग नंतर चढवायचे), साधारण अडीच तास (मालकांची मुलाखत ५० मिनिटं, बाकी शॉप फ्लोअर)
आयफोन, ३० फ्रेम, पाऊण तास
ड्रोन, ४के ३० फ्रेम, १५ मिनिटं
कॉलर माइकचा आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर, ४८ किलोहर्ट्झ
लॅपटॉप १६ जीबी रॅमचा, विंडोज. एडिटिंगला डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती. कट मारणं, संगीत लावणं जमतं. मल्टिकॅम, कलर, आवाज साफ करणं नवीन आहे. आधी ट्युटोरियल संपवावीत की थेट कामाला लागावं?

कट_टू_कट
ट्युटोरियल संपत नसतात. सगळ्या फिल्मचा रफ कट करून मग कलर, मग आवाज, हा क्रम अनुभवी माणसाला ठीक. शिकणाऱ्याने आधी ३० सेकंदांचा एक तुकडा निवडावा: मालकांचं एक वाक्य, त्यावर सोनीचे दोन शॉट, एक आयफोनचा, एक ड्रोनचा, खाली एक मराठी नावपट्टी आणि संगीत. हा तुकडा आयातीपासून एक्स्पोर्टपर्यंत न्यायचा, व्हॉट्सअ‍ॅपवरून फोनवर पाठवायचा आणि फोनवर बघायचा. फ्रेमरेट, रंग, फॉन्ट, आवाज, जे काही फसणार आहे ते या ३० सेकंदांत फसतं. चौथ्या मिनिटाला, अकराव्या दिवशी कळण्यापेक्षा बरं. कोणती ट्युटोरियल बघायची हेही त्यातूनच ठरेल.

त्याआधी दोन गोष्टी.

एक, बॅकअप. १०० एमबीपीएसचं ४के म्हणजे मिनिटाला ७५० एमबी, तासाला ४५ जीबी. अडीच तासांचे झाले ११२ जीबी. कार्डावरून नुसत्या एमपी४ फायली उचलू नका, कार्ड जसंच्या तसं, फोल्डरसकट कॉपी करा. दोन वेगळ्या ड्राइव्हवर. दोन्हीकडचा आकडा बाइटपर्यंत जुळल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नये.

दोन, फ्रेमरेट. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये टाइमलाइन फ्रेमरेट २५ टाका, काहीही आयात करायच्या *आधी*. नंतर तो आकडा राखाडी होतो, बदलता येत नाही. वेगळ्या रेटच्या क्लिपवर रिझॉल्व्ह एक खिडकी उघडून विचारतो, प्रोजेक्टचा रेट बदलू का? पहिली क्लिप आयफोनची असली आणि घाईत ‘चेंज’ दाबलं, की सगळं काम ३० वर गेलं.

खाडीपलीकडे
+१. आणि २५च का, तर मुलाखत २५ मध्ये आहे. ज्या कॅमेऱ्यात माणूस बोलतोय त्याचा रेट हाच टाइमलाइनचा रेट. बाकीच्यांनी जुळवून घ्यायचं.

पारसिकचा_डोंगर
मग आयफोन आणि ड्रोनचे ३० फ्रेमवाले शॉट २५ मध्ये नुसते टाकले तर चालतील? ड्रोनचा शॉट टाकून बघितला, थोडे हिसके बसतात.

कट_टू_कट
बसणारच. सेकंदाला ३० मधल्या ५ फ्रेम गाळल्या जातात, दर सहावी. स्थिर शॉटमध्ये कळत नाही, ड्रोन सरळ रेषेत सरकताना ठसठशीत दिसतं.

आवाज नको असलेल्या शॉटसाठी सोपा उपाय: मीडिया पूलमध्ये क्लिपवर राइट क्लिक, क्लिप अ‍ॅट्रिब्यूट्स, तिथे व्हिडिओ फ्रेमरेट ३० चा २५ करा. क्लिप ८३.३ टक्के वेगाने, एकही फ्रेम न गाळता चालते. ड्रोनला आणि यंत्रांना ही किंचित मंद गती उलट शोभते. चालत्या माणसांना नाही, ती पाण्यातून चालल्यासारखी दिसतात. बोलणाऱ्याला तर अजिबात नाही, ओठ आणि आवाज सुटे होतील.

ऑप्टिकल फ्लोच्या (मधल्या फ्रेम अंदाजाने बनवण्याच्या) नादी इथे लागू नका. फिरतं चक, जाळ्या, कूलंटचे फवारे, यात तो नसलेल्या फ्रेम बनवताना कडा वितळवतो.

ऐरोली_नाका
आयफोनचा आणखी एक घोळ. त्याचा रेट बऱ्याचदा बदलता असतो, म्हणजे ३० लिहिलेलं असतं पण कुठे २९.८, कुठे ३०.१. छोट्या शॉटला फरक पडत नाही, पण दहा मिनिटं सलग घेतलेलं बोलणं असेल तर वेगळ्या रेकॉर्डरचा आवाज हळूहळू सरकतो. सुरुवातीला जुळतं, शेवटी ओठ मागे. हे सिंकमध्ये हाताने दुरुस्त करत बसू नये. हँडब्रेकमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून, क्वालिटी आरएफ १६-१८ ठेवून फाइल नव्याने बनवा आणि मग आयात करा.

शिवाय फोनवर एचडीआर चालू होतं का ते बघा. असेल तर २५च्या साध्या टाइमलाइनवर चेहरे आणि पत्र्याच्या छपरातून येणारा उजेड जळालेला दिसेल. क्लिप खराब नसते, रंगांची भाषा वेगळी असते. कलर पेजवर कलर स्पेस ट्रान्सफॉर्म लावा: इनपुट रेक. २०२०, गॅमा एचएलजी, आउटपुट रेक. ७०९, गॅमा २.४. पुढच्या शूटला फोनमध्ये एचडीआर बंद, आणि कॅमेरा सेटिंगमध्ये पाल फॉरमॅट दाखवण्याचा पर्याय चालू केला की २५ फ्रेम मिळतात.

उपवन_काठी
१६ जीबी रॅमवर ४के थेट एडिट करू नका. फाइल मोठी आहे म्हणून नव्हे, एच.२६४ मध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते म्हणून. मागेपुढे गेलं की प्रोसेसरला आजूबाजूच्या फ्रेम उलगडून ही फ्रेम तयार करावी लागते. कट मारताना आपण सतत मागेपुढेच करत असतो.

प्रॉक्सी, म्हणजे एडिटपुरत्या हलक्या प्रती, बनवा. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये प्रॉक्सीचं रेझोल्युशन हाफ, फॉरमॅट डीएनएक्सएचआर एलबी. मग सगळ्या क्लिप निवडून राइट क्लिक, ‘जनरेट प्रॉक्सी मीडिया’. रात्री लावून झोपा. १०८०ची प्रॉक्सी तासाला साधारण १६ जीबी जागा खाते. नंतर प्लेबॅक मेनूत ‘प्रॉक्सी हँडलिंग’ मध्ये ‘प्रिफर प्रॉक्सीज’.

कलर करताना मात्र ‘प्रिफर कॅमेरा ओरिजिनल्स’ वर या. फोकस आणि नॉइज प्रॉक्सीवर तपासता येत नाही, आणि फोकस सुटलेला शॉट फिल्ममध्ये राहून जाण्याचं हेच नेहमीचं कारण.

घोडबंदर_ट्रॅफिक
शॉप फ्लोअरवरच्या आयफोन शॉटमध्ये दिवे लपलपतात का? ३० फ्रेमला हमखास.

पारसिकचा_डोंगर
हो! आडवे काळसर पट्टे सरकतात. सोनीत नाहीत. डीफ्लिकर इफेक्ट लावला तर वॉटरमार्क येतोय.

घोडबंदर_ट्रॅफिक
डीफ्लिकर फक्त स्टुडिओ (विकतच्या) आवृत्तीत आहे. हाताने करता येतं, गणित समजून घेतलं की.

आपली वीज ५० हर्ट्झ, दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. २५ फ्रेममध्ये प्रत्येक फ्रेमला बरोबर ४ लुकलुकी येतात, म्हणून सोनीत चित्र स्थिर (शटर १/५० किंवा १/१०० असेल तर पट्टाही नाही). ३० फ्रेममध्ये प्रत्येक फ्रेमला येतात ३.३३. म्हणजे दर ३ फ्रेमनी चक्र पुरं होतं. तीन फ्रेमची सरासरी काढली की लपलप बसते:

ट्रॅक १ वर मूळ क्लिप, ओपॅसिटी १००.
ट्रॅक २ वर तीच क्लिप १ फ्रेम सरकवून, ओपॅसिटी ५०.
ट्रॅक ३ वर तीच २ फ्रेम सरकवून, ओपॅसिटी ३३.

५० आणि ३३ हे आकडे मनाचे नाहीत, त्यानेच तिघांचा वाटा सारखा होतो. हे सगळं ३० फ्रेमच्या *वेगळ्या* टाइमलाइनवर करा (नवी टाइमलाइन बनवताना ‘यूज प्रोजेक्ट सेटिंग्ज’ ची खूण काढून) आणि ती रेंडर करून आणा. थेट २५ वर केलंत तर गाळलेल्या फ्रेममुळे तीनचं चक्र मोडतं.

किंमत: हलणाऱ्या गोष्टींना पुसटशी सावली येते. बंद यंत्र, कंट्रोल पॅनल, इमारत यांना उत्तम. फिरत्या ड्रिलला नको, तिथे सोनीचा शॉट वापरा.

खाडीपलीकडे
हे वाचनखुणेत.

मामलेदार_तिखट
तंत्र होत राहील, मुलाखत कशी कापणार ते बोला. ५० मिनिटांतून दीड-पावणेदोन मिनिटांचं बोलणं काढायचंय.

पहिला कट चित्र न बघता, फक्त ऐकून करा. कामाची उत्तरं एका टाइमलाइनवर ओळीने लावा, प्रत्येक विषयाला एक रंग: पीठिका, यंत्रं, गुणवत्ता, माणसं. १२-१५ मिनिटं उरतील. त्याची प्रत काढून ६ मिनिटं. पुन्हा प्रत काढून २. जुन्या प्रती पुसू नका, क्लायंट हमखास विचारतो, ‘ते बाबांनी लेथ आणल्याचं वाक्य कुठे गेलं?’

मराठी बोलणं कापताना क्रियापद शेवटी येतं याचं भान ठेवा. ‘आम्ही दर पार्ट तीनदा मोजतो’ यातलं ‘मोजतो’ पूर्ण होताना स्वर खाली उतरतो, तिथे कट बसतो. आधी कापलं तर स्वर वर लटकलेला राहतो आणि माणसाला मध्येच तोडल्यासारखं वाटतं. ‘आहे’ पुढच्या ‘म्हणजे’ला चिकटून येतं (‘आहेम्हंजे’), तेव्हा तेच ‘आहे’ त्याच माणसाच्या दुसऱ्या वाक्यातून उचलून लावता येतं, स्वर उतरता असेल तर. त्या वेळी पडद्यावर यंत्राचा शॉट ठेवा.

‘काय आहे की’, ‘ना’, ‘बघा’ सगळेच काढू नका. सगळे काढले तर मालक बातम्या वाचल्यासारखे बोलतात. श्वास अर्ध्यात कापू नका: एकतर पूर्ण ठेवा, नाहीतर पूर्ण काढा.

कट_टू_कट
यात भर. दोन तुकडे जोडल्यावर डोकं टुणकन उडतं, ते झाकायला झूम करतात. ११० टक्के झूम ही चूक केल्यासारखी दिसते. १४०-१५० करा, मग तो वेगळा शॉट वाटतो. मूळ ४के आहे, टाइमलाइन १०८० ठेवलीत तर २०० टक्क्यांपर्यंत पिक्सेल शाबूत राहतात. चेहऱ्याजवळ जाताना डोळे फ्रेमच्या वरच्या तिसऱ्या भागात.

आणि जे-कट शिका, या फिल्मला दुसरं कुठलंही ट्रान्झिशन लागणार नाही. पुढच्या शॉटचा आवाज चित्राच्या ८ ते १२ फ्रेम आधी सुरू करायचा. स्पिंडलचा आवाज आधी, स्पिंडल नंतर. रिझॉल्व्हमध्ये ऑल्ट दाबून फक्त ऑडिओचं टोक निवडा आणि डावीकडे ओढा.

ऐरोली_नाका
मला वाटतं टाइमलाइन ४के ठेवावी, क्लायंटच्या रिसेप्शनच्या टीव्हीवर चालणार असेल तर.

कट_टू_कट
टीव्ही ४के असला तरी दहा फुटांवरून फरक कोण मोजणार! ८ बिट लॉगचा माल आहे, १६ जीबी रॅम आहे. १०८०च ठेवा.

उपवन_काठी
सिंक आणि आवाज.

सिंक (चित्र आणि वेगळा आवाज जुळवणं): सोनीची क्लिप आणि रेकॉर्डरची फाइल मीडिया पूलमध्ये निवडा, राइट क्लिक, ‘ऑटो सिंक ऑडिओ’, ‘बेस्ड ऑन वेव्हफॉर्म’. यासाठी सोनीच्या स्वतःच्या माइकवर आवाज असायला हवा, कितीही वाईट चालेल. यंत्रांच्या गोंगाटात कधी चुकीची जागा पकडतो, म्हणून प, ब, म या ओठ मिटणाऱ्या अक्षरांवर थांबून डोळ्यांनी तपासा. ५० मिनिटांची मुलाखत असेल तर शेवटी पुन्हा तपासा. दोन उपकरणांची घड्याळं वेगळी असतात, तासाभरात काही फ्रेमचा फरक पडू शकतो. पडला तर मध्ये एखाद्या शांत जागी कापून सरकवा.

आवाज साफ करण्याचा क्रम महत्त्वाचा: आधी हाय-पास फिल्टर (खालचा घुमणारा आवाज काढणारा) ८० हर्ट्झला (पुरुषाचा आवाज असेल तरी चालतो). मग विजेची घरघर असेल तर ५०, १००, १५० हर्ट्झला अरुंद खाचा. मग नॉइज रिडक्शन, पण ६ ते १० डीबीच. त्यापुढे गेलात की आवाज पाण्याखालून येतो. मग कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा), ३:१, ४-५ डीबी दाबेल इतकाच. कॉम्प्रेसर आधी लावला तर तो शांत जागेतला गोंगाट वर उचलतो आणि मग साफ होत नाही.

व्हॉइस आयसोलेशन स्टुडिओत आहे, फुकटमध्ये नाही. वेबवरची एआय साधनं वापरायची तर जोर ५०-६० टक्क्यांवर ठेवा आणि ळ, ण, ठ, ढ असलेले शब्द कान देऊन ऐका.

पातळी: बोलण्याची शिखरं उणे १२ ते उणे ६ डीबीमध्ये, संगीत बोलण्याच्या १८-२० डीबी खाली. पूर्ण मिक्स यूट्यूबसाठी उणे १४ लफ्स (एकूण सरासरी मोठेपणाचं माप), ट्रू पीक उणे १. आणि मुलाखतीच्या खोलीतला कोणी न बोलतानाचा अर्धा मिनिट शोधून सगळ्या कटांखाली अंथरा. कट ऐकू येतात ते शब्दांमुळे कमी, मागचा एसी अचानक बंद पडल्यामुळे जास्त.

पारसिकचा_डोंगर
३० सेकंदांचा तुकडा पूर्ण केला. दोन अडचणी. एस-लॉग३ वर लट (LUT, रंग बदलणारी तयार फाइल) लावला तर मालकांचा पांढरा शर्ट जळतो, नंतर ब्राइटनेस कमी केला तरी राखाडी होतो, घड्या परत येत नाहीत. आणि नावपट्टीत ‘व्यवस्थापकीय’ मोडतंय.

ऐरोली_नाका
शर्ट: लटच्या *नंतर* दुरुस्ती करताय. लटने जे वरून कापलं ते गेलं. नोड (कलर पेजवरच्या एकामागे एक पायऱ्या) असे लावा: १ एक्स्पोजर, २ व्हाइट बॅलन्स, ३ कलर स्पेस ट्रान्सफॉर्म (एस-गॅमट३.सिने, एस-लॉग३ ते रेक. ७०९, गॅमा २.४), ४ थोडी चव. पहिल्या नोडमध्ये ऑफसेट खाली आणा, शर्टाच्या घड्या परततील. तिसरा नोड सगळ्या सोनी शॉटना सारखाच, म्हणून तो ग्रुपच्या ‘पोस्ट-क्लिप’ मध्ये टाका.

ड्रोन डी-लॉग एममध्ये (ड्रोनचा स्वतःचा लॉग) असेल तर कंपनीचा स्वतःचा लट घ्या, साध्या डी-लॉगचा लावू नका, दोन्ही वेगळे आहेत.

रंग जुळवताना डोळ्यांवर विसंबू नका. शॉप फ्लोअरच्या नळ्या हिरवट, छताच्या पारदर्शक पत्र्यातला उजेड निळसर. यंत्राची करडी बॉडी पॅरेड स्कोपवर (लाल, हिरवा, निळा वेगळे दाखवणारा आलेख) तिन्ही रंगांत एका उंचीला आणा, मग चेहरा व्हेक्टरस्कोपच्या (रंगछटा दाखवणारा गोल आलेख) त्वचेच्या रेषेजवळ. ८ बिट एस-लॉग३ मध्ये कोऱ्या भिंतीवर पट्टे पडतील, कॉन्ट्रास्ट जेवढा वाढवाल तेवढे जास्त. पूर्ण जात नाहीत. असे शॉट छोटे ठेवा.

मामलेदार_तिखट
‘व्यवस्थापकीय’ मोडण्याची दोन कारणं असतात. फॉन्ट जुन्या पद्धतीचा असेल, श्रीलिपी किंवा कृतिदेवछाप, तर युनिकोड मजकूर त्यात बसणारच नाही. फॉन्ट युनिकोड असूनही मोडत असेल तर सॉफ्टवेअरचं अक्षरजुळणीचं इंजिन कच्चं. प्रीमिअरमध्ये ग्राफिक्स प्रेफरन्सेसमध्ये ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ निवडलं की सुटतं. रिझॉल्व्हमध्ये साध्या टेक्स्ट आणि टेक्स्ट प्लस दोन्हींत करून बघा. नाहीच जमलं तर इंकस्केपमध्ये पट्टी बनवून पारदर्शक पीएनजी आणा. ४ मिनिटांच्या फिल्ममध्ये नावपट्ट्या ५-६, त्यावर दिवस घालवू नका.

फॉन्ट ठरवताना ‘लाल शाल’ टाइप करून बघा. बऱ्याच फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे असतात. २००९ च्या शासन निर्णयाने मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श सांगितला आहे, आणि ज्येष्ठ क्लायंटच्या डोळ्यांना हिंदी वळण लगेच खटकतं. तिरो देवनागरी मराठी हा मोफत फॉन्ट खास मराठी वळणाचा आहे. जाड पट्टीसाठी मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आणि बालू, तेही मोफत. परवाना सगळ्यांचा खुला, व्यावसायिक कामाला चालतो.

घोडबंदर_ट्रॅफिक
पहिला कट पाठवायच्या आधी शॉप फ्लोअरचे सगळे शॉट एकदा थांबवून बघा. हेल्मेट, हातमोजे, गॉगल, सेफ्टी शू नसलेला कामगार. गार्ड उघडं ठेवून चाललेलं यंत्र. स्क्रीनवर ग्राहकाचं ड्रॉइंग किंवा पार्ट नंबर. मागच्या खोक्यावर दुसऱ्याच कंपनीचं नाव. यातलं काहीही दिसलं तर कारखान्याचा सेफ्टीवाला किंवा मार्केटिंगवाला शॉट परत पाठवतो, आणि नेमका तोच शॉट संगीताच्या ठोक्यावर बसवलेला असतो. ड्रॉइंग असेल तर पॉवर विंडोने तेवढा भाग निवडा, ब्लर करा, ट्रॅक करा. हेल्मेट नसेल तर शॉट काढा, त्याला इलाज नाही.

पारसिकचा_डोंगर
नोडचा क्रम बदलला, घड्या आल्या. गार्ड उघडे असलेले ३ शॉट निघाले! रील्ससाठी आडवी फिल्मच मधून कापली तर?

खाडीपलीकडे
मुलाखतीला चालेल, यंत्रांना नाही. १०८० बाय १९२० ची नवी टाइमलाइन घ्या आणि मूळ ४के क्लिप आणा, म्हणजे उभी चौकट २१६० उंचीतून निघते, चित्र फुटत नाही. आडव्या फिल्मचा १०८०चा एक्स्पोर्ट कापलात तर पावणेदोन पट ताणावं लागेल. आडवं लांब यंत्र उभ्यात बसत नाही, तिथे पात्याचा जवळचा शॉट घ्या. मजकूर खालच्या पाचव्या भागात आणि उजव्या कडेला ठेवू नका, तिथे अ‍ॅपची बटणं असतात. रीलमध्ये पहिल्या दीड सेकंदात लोगो नको, उडणाऱ्या चिप्स दाखवा.

संगीत परवानगीचं असू द्या, यूट्यूब ऑडिओ लायब्ररी चालेल. सिनेमाचं गाणं कंपनीच्या फिल्मला नको, क्लायंट कितीही म्हणाला तरी.

पारसिकचा_डोंगर
एक्स्पोर्टचे आकडे सांगाल का? आणि क्लायंटला पाठवताना? काल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला तुकडा खूप फुटका दिसला.

उपवन_काठी
एमपी४, एच.२६४, १०८०, २५ फ्रेम, बिटरेट १६-२० एमबीपीएस, ऑडिओ एएसी ३२०. यूट्यूब १०८०ला ८ सांगतो, पण तो पुन्हा दाबतोच, त्याला चांगला माल द्या. ४ मिनिटांची फाइल साधारण ५०० ते ६०० एमबीची येते.

व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून नव्हे, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. २ जीबीपर्यंत जाते, दाबली जात नाही. तपासणीच्या प्रतीवर कोपऱ्यात टाइमकोड छापा (डेटा बर्न-इन), म्हणजे ‘ते मधलं जरा बदला’ ऐवजी ‘०१:१२ ला’ असं उत्तर येतं. सगळ्या सूचना एकाच माणसाकडून, एकाच यादीत मागा. मालक, मुलगा आणि मार्केटिंग तिघं वेगवेगळ्या वेळी लिहू लागले की दुसरी फेरी पाचवी होते.

मॅकवर बघून ‘रंग उडालेत’ म्हणाले तर लगेच कलर बदलू नका. क्विकटाइम गॅमा वेगळा वाचतो. तीच फाइल आधी फोनवर दाखवा.

कट_टू_कट
प्रेफरन्सेसमध्ये लाइव्ह सेव्ह आणि प्रोजेक्ट बॅकअप दोन्ही चालू आहेत का? प्रोजेक्ट बॅकअप मुद्दाम चालू करावा लागतो. दर १० मिनिटांनी ठेवा, आणि रोज रात्री प्रोजेक्ट एक्स्पोर्ट करून डीआरपी फाइल स्वतःला मेल करा, काही एमबीचीच असते. पावसाळ्यात दिवे जातात ते नेमके रेंडरच्या ९० टक्क्यांवर. लॅपटॉपची बॅटरी असली तरी बाहेरची हार्ड डिस्क वेगळ्या अ‍ॅडॉप्टरवर असेल तर ती जाते. तिला छोटा यूपीएस.

पारसिकचा_डोंगर
बॅकअप बंद होता, आता चालू केला. शेवटचा प्रश्न: काम दिल्यावर काय ठेवू, काय पुसू?

उपवन_काठी
प्रॉक्सी आणि रेंडर कॅश पुसा, पुन्हा बनतात. मूळ कार्डांच्या प्रती, डीआरपी, फॉन्टच्या फायली, पीएनजी पट्ट्या, संगीताच्या परवान्याची पीडीएफ आणि नावपट्ट्या *नसलेला* एक स्वच्छ एक्स्पोर्ट, वेगळ्या ऑडिओ ट्रॅकसकट, हे एकाच फोल्डरमध्ये ठेवा. सहा महिन्यांनी मॅनेजर बदलतो आणि फक्त नाव बदलून हवं असतं.